पाच बटणं, एकेचाळीस सूचना

ट्रायलच्या वेळी मी बोलत नाही. एरवी दुकानाचं शटर वर गेलं की माझ्या तोंडाचा पट्टा सुरू होतो, तो शटर खाली येईपर्यंत. पण गिऱ्हाईक कच्च्या टाक्यांचा कोट अंगावर चढवून आरशासमोर उभं राहिलं, की माझ्या ओठांत पाच-सहा टाचण्या असतात, आणि टाचण्या ओठांत धरून ज्यांना बडबड करायची असेल त्यांनी खुशाल करावी, मला घसा प्यारा आहे. मी नुसती बघते. माणूस हात वर करतो, खाली करतो, खिसा शोधतो. कुठे कापड ओढतंय, कुठे फुगतंय, ते कापडच सांगतं. ‘कसं वाटतंय?’ असं मी कधी विचारत नाही, कारण विचारलं की लोक ‘छान’ म्हणतात आणि मग महिन्याभराने बगलेत उसवलेला कोट घेऊन येतात.

मी बत्तीस वर्षं कोट आणि शर्ट शिवते आहे. गेम बनवायचं खूळ माझ्या डोक्यात कसं शिरलं, हे सांगायचं तर आधी ठकीबद्दल सांगायला हवं. ठकी म्हणजे आमची एकुलती एक लेक. लहानपणी चिंध्यांच्या ढिगात बसलेली असायची, चिंध्यांच्याच बाहुलीसारखी, म्हणून ठकी. आता ती दुसऱ्या शहरात मोबाइलवरचे गेम बनवणाऱ्या कंपनीत काम करते आणि तिथे तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारतात. आम्हाला ते नाव अजून नवं कोरंच वाटतं.

तर ही ठकी चौदा महिने माझ्याशी बोलत नव्हती. भांडण नव्हतं हो. भांडण असतं तर मी जिंकले तरी असते. ती दर रविवारी तिच्या बाबांना फोन करायची, आणि तासभर बोलून झालं की विचारायची, “आई बरी आहे ना?” मी तिथेच शेजारी बसलेली असायचे. हे म्हणायचे, “बरी आहे. देऊ का?” ती म्हणायची, “नको, कामात असेल.” मी रिकाम्या हाताने बसलेली असायचे.

कारण मला माहीत होतं. कोणाला सांगत नव्हते, एवढंच. चौदा महिन्यांपूर्वी ती आली होती, तिने स्वतः एकटीने बनवलेला पहिला गेम घेऊन. कंपनीचा नव्हे, तिचा. भर दुपारी दुकानात आली आणि फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, “आई, बघ ना.” मी चष्मा लावला, बोट फिरवलं आणि सुरू झाले. हा रंग किती भडक. हे पाखरू आहे की पिशवी? हे इथून तिथे जातं कशाला? आणि खरंच, ठके, याचा उपयोग काय? अर्ध्या मिनिटात कोणीतरी बाही लांब करायला आलं, मी फोन कात्रीशेजारी ठेवला आणि माप घ्यायला उठले. वळून बघितलं तेव्हा फोनही नव्हता आणि ठकीही नव्हती. ती मागच्या खोलीत पिशवी भरत होती.

नंतर मी ‘दाखव गं पुन्हा’ म्हटलं असतं तर भागलं असतं. पण मी अशी आहे की शिवण चुकली तर उसवेन, बोललेलं उसवणार नाही. दिवस गेले, आठवडे गेले, आणि मग विचारायची सोयच राहिली नाही. मला तो गेम एकदा शेवटपर्यंत बघायचा होता. तिने तो आपणहून माझ्या हातात परत द्यायला हवा होता. बाकी मला काही नको होतं.

मग एका रविवारी फोनवर ती बाबांना सांगत होती की त्यांची काही मित्रमंडळी मिळून गेम जॅम भरवताहेत. यांनी विचारलं, जॅम म्हणजे पावाला लावायचा का? ती हसली. म्हणाली, एक आठवडा असतो, एक विषय देतात, आणि ज्याने त्याने त्या आठवड्यात एक छोटा गेम बनवायचा. मग दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांनी एकमेकांचे खेळून बघायचे आणि अभिप्राय लिहायचे. हा जॅम खास, ज्यांनी आयुष्यात कधी गेम बनवला नाही अशांसाठी आहे. नाव काहीही घ्या, वय काहीही असू दे. आणि आलेला प्रत्येक गेम ती स्वतः खेळणार होती.

प्रत्येक गेम ती स्वतः खेळणार. मी ते वाक्य घेऊन उठले आणि सरळ माळ्यावरून तिचा जुना लॅपटॉप काढला.

“अगं, तुला मशीनचं बॉबिन सोडून दुसरं काही लावता येतं का?” हे म्हणाले.

“तुम्हाला तर तेही येत नाही,” मी म्हटलं.

विषय आला, ‘एका बोटाने’. मला हसूच आलं. आयुष्यभर मी दहा बोटांनी राबले आणि इथे एकच पुरणार होतं. काय करायचं ते मला लगेच सुचलं. शर्ट. समोर बटणं नसलेला शर्ट, पाच बटणं लावायची. बोट म्हणजे सुई. बोट जिथे नेशील तिथून दोरा जाणार. जास्त ओढला तर कापडाला चुणी पडणार, ढिला सोडला तर बटण लोंबणार. झाला गेम.

नवशिक्यांसाठी एक सॉफ्टवेअर असतं, त्यात लिहावं फारसं लागत नाही, रंगीत ठोकळे एकमेकांना जोडायचे असतात. ‘जर’चा ठोकळा, ‘तर’चा ठोकळा. जर बोट या भोकावर आलं, तर दोरा आत. पहिल्या दिवशी माझा शर्ट पडद्याच्या बाहेर गेला तो आलाच नाही. दुसऱ्या दिवशी सुई आली पण दोरा उलट्या बाजूने निघायला लागला. दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं, तेवढाच माझा वेळ. हे शेजारी खुर्ची टाकून वर्तमानपत्र धरून बसायचे आणि वर्तमानपत्राच्या कडेवरून बघायचे.

तिसऱ्या दिवशी लॅपटॉपवर सगळं नीट चालायला लागलं. मग ते फोनवर घेतलं आणि तिथे सुई जागची हलेना. बोट टेकवलं, काही नाही. दाबलं, काही नाही. मध्येच दोन पावलं पुढे जायची आणि बसून राहायची. मी सगळे ठोकळे सोडवले, पुन्हा जोडले. चौथा दिवस त्यातच गेला. सात दिवसांतले दोन दिवस पाण्यात. माझा नुसता तिळपापड झाला होता. शेवटी मी फोन यांच्या पुढ्यात आपटला आणि म्हटलं, “मला नाही जमत, झालं समाधान?”

यांनी सहज बोट ठेवलं आणि सुई सुरसुर चालायला लागली.

मग यांनी माझा हात धरून उजेडात नेला. उजव्या हाताचं पहिलं बोट. बत्तीस वर्षं सुई रेटून रेटून त्याच्या टोकाचं कातडं इतकं राठ झालंय की त्यावर टाचणी टेकवली तरी मला कळत नाही. फोनलाही कळत नव्हतं. गेममध्ये काडीची चूक नव्हती. फोनच्या दृष्टीने माझं बोट म्हणजे लाकडाचा तुकडा होता.

“करंगळीने खेळ,” हे म्हणाले.

डाव्या हाताची करंगळी चालली. तिने कधी काही काम केलेलंच नाही ना.

उरलेल्या दिवसांत मी सूचना लिहिल्या. म्हटलं, खेळणाऱ्या पोरांनी जन्मात कधी बटण लावलेलं नसणार, त्यांना सांगायला हवं. सुई इथून घाला. इथून नाही, तिथून. दोरा ओढताय की दोरखंड? घाई कुठे जायची आहे? हे भोक राहिलं. राहिलं म्हटलं ना. एक बटण नीट बसलं की ‘ठीक आहे, अजून बरं जमलं असतं’. प्रत्येक सूचना एका पाटीवर, पाटी शर्टाच्या वर झळकणार. मला अगदी समाधान वाटलं. टोपणनाव घेतलं ‘नवखी’, म्हणजे ठकीला संशय नको. गेमचं नाव ठेवलं ‘पाच बटणं’. वेळ संपायला वीस मिनिटं असताना पाठवून दिला आणि मला एकदम हलकं वाटलं.

आता माझा बेत काय होता ते सांगते, हसू नका. ठकी खेळणार, तिला आवडणार, ती लिहिणार की वा, कोणी बनवला हा? आणि मग मी हळूच म्हणणार, मी. मग तिला कळणार की आईने तिच्या कामाला कमी लेखलेलं नाही, उलट बसून शिकून घेतलं. एवढा सरळ बेत होता.

अभिप्राय यायला लागले. एकाने लिहिलं, गोड आहे. एकाने लिहिलं, मी खरोखरचं बटण लावायला शिकलो. एका बाईने लिहिलं, हा गेम मला खूप ओरडतो. मी म्हटलं, असतात काही नाजूक लोक. बुधवारी ठकीचा आला, तिच्या खऱ्या नावाने.

“शिवायचा भाग सुंदर झालाय. दोरा ओढल्यावर कापड जसं आक्रसतं, ते ज्याने आयुष्यभर कापड हाताळलंय त्यालाच सुचेल. पण तुमचा गेम मला क्षणभरही एकटं सोडत नाही. मी चुकायच्या आधीच मला चूक सांगतो. नीट केलं तरी ‘अजून बरं जमलं असतं’ म्हणतो. मला स्वतःचं स्वतः बघायचं होतं. तिसऱ्या बटणाला मी फोन खाली ठेवला.”

मी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. यांना दिलं. यांनी वाचून चष्मा काढला.

“किती सूचना आहेत गं एकूण?”

मी मोजल्या. “एकेचाळीस.”

“मला जास्त वाटल्या होत्या,” हे म्हणाले. “घरी रोजच्या याहून जास्त असतात.”

एरवी मी यांना सोडलं नसतं. त्या दिवशी मी अभिप्रायच पुन्हा वाचायला घेतला. तिसऱ्या बटणाला तिने फोन खाली ठेवला होता. मी अर्ध्या मिनिटात ठेवला होता. ती माझ्यापेक्षा जास्त वेळ थांबली होती, आणि हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी मागच्या खोलीत गेले, कापडाच्या गठ्ठ्यावर बसले आणि रडले. वाईट एवढ्याचंच वाटलं नाही की तिला गेम आवडला नाही. माझ्याबरोबर लहानाचं मोठं होणं कसं असतं, ते मी माझ्याच हाताने बनवून जगापुढे ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रायल होती. शाळेतले एक संगीतशिक्षक, व्हायोलिन वाजवतात. कोट चढवला, मी टाचण्या ओठांत धरल्या आणि मागे सरकले. त्यांनी डावा हात वर घेतला, हनुवटी वळवली, हवेतच गज ओढला. डाव्या खांद्यावर एक बारीक चुणी उठली. मी काही बोलले नाही. त्यांनी पुन्हा ओढला, जरा थांबले, आरशात बघितलं आणि आपणच म्हणाले, “इथे अडकतंय, नाही का?” मी मान हलवली आणि तिथे खडूची खूण केली.

खूण करता करता माझा हात थांबला. परक्या माणसाला मी एवढी मोकळीक देते. तो चुकू शकतो, वळू शकतो, त्याचं त्याला कळेपर्यंत मी वाट बघते. बत्तीस वर्षं मी हेच करते आहे आणि त्याचंच नाव आहे माझं गावात. पोटच्या पोरीला मात्र मी कधी टाचण्या तोंडात धरून बघितलं नाही.

“दुखलं का काही?” मास्तरांनी विचारलं. माझे डोळे भरले असावेत. मी टाचण्यांकडे बोट दाखवलं. त्यावरून त्यांना काय समजायचं ते समजलं.

जॅमच्या नियमांत रविवारपर्यंत सुधारलेला गेम पाठवता येत होता. दुपारी मी बसले आणि पाट्या काढायला लागले. वाटलं होतं दहा मिनिटांचं काम, पण एकेक पाटी काढताना जीव खालीवर होत होता. ही काढली तर त्यांना कळणार कसं? दोरा तुटेल ना. तुटू दे, हे म्हणाले. बटण उलटं बसेल. बसू दे, परत काढतील. ‘अजून बरं जमलं असतं’ ही पाटी मी सगळ्यात शेवटी काढली. ती काढल्यावर शर्ट एकदम मोठा दिसायला लागला. सूचनांच्या जागी मी फक्त एक गोष्ट घातली. पहिल्या भोकावर खडूचा एक ठिपका. बाकी कापडाने सांगायचं.

रविवारी संध्याकाळी शेवटचा कार्यक्रम होता. सगळ्यांनी आपापल्या घरून व्हिडिओवर जमायचं. भरवणाऱ्यांपैकी कोणीतरी एकेक गेम सगळ्यांसमोर खेळणार, आणि ज्याने बनवला त्याने कॅमेरा सुरू करून बघायचं. एकच नियम, खेळणारा खेळत असताना बनवणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. माझ्यासारख्यांमुळेच तो केला असणार.

मी दुकानातच बसले, मागे कपडे टांगलेले. हे कॅमेऱ्यात येणार नाहीत अशा बेताने बाजूला. सहावा नंबर माझा. पडद्यावर ठकी होती, केस कापलेले, जरा वाळलेली. मला ‘वाळलीस’ म्हणायचं होतं. मी टाचण्यांच्या उशीतून पाच टाचण्या उपटल्या आणि ओठांत धरल्या.

“पुढचा गेम, पाच बटणं,” ती म्हणाली. “नवखी, कॅमेरा सुरू करा.”

मी केला. तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. मला वाटलं ती दचकेल. ती दचकली नाही. तिची नजर माझ्या ओठांवर गेली, टाचण्यांवर, आणि तिथे जरा थांबली.

“सुरू करते,” ती म्हणाली.

पहिलं बटण तिने पटकन लावलं. दुसऱ्याला दोरा तुटला. माझी जीभ टाचण्यांमागे वळवळली. तिने नवा दोरा घेतला, हळू ओढला. तिसऱ्याला भलत्याच भोकातून सुई घातली, कापडाला ही एवढी चुणी पडली. अगं तिथून नाही, असं माझ्या सगळ्या अंगाने म्हटलं. तोंडाने नाही म्हटलं. हे शेजारून माझा गुडघा घट्ट धरून बसले होते. ठकी थांबली. मान तिरकी करून बघत राहिली, लहानपणी चिंध्या जुळवताना बघायची तशी. मग तिने ते बटण उसवलं, सगळं, पहिल्यापासून, आणि पुन्हा लावलं. या वेळी कापड सपाट बसलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आजवर कधी बघितलं नव्हतं, कारण तेवढा वेळ मी कधी थांबलेच नव्हते.

पाचवं बटण लागलं. शर्ट पूर्ण झाला. वर कुठलीच पाटी आली नाही. ती थोडा वेळ वाट बघत राहिली, बहुतेक पाटीची.

“झाला,” ती म्हणाली. “आई, टाचण्या काढ आता.”

इतर लोक खुसखुसले. मी एकेक टाचणी काढून उशीत खुपसली.

“तुला कधी कळलं?” मी विचारलं.

“‘घाई कुठे जायची आहे’ वाचलं तेव्हाच. अख्ख्या जगात असं कोण विचारतं?” ती हसली, मग हसायची थांबली. “अभिप्राय तुलाच लिहिला होता.”

म्हणजे तिने मला सांगितलं होतं. चौदा महिन्यांनी, तोंडावर, आणि पळून न जाता. मला पुष्कळ काही बोलायचं होतं. दिवसभर मनात जुळवून ठेवलेलं सगळं होतं. मी म्हटलं, “ठके, तुझा तो पाखराचा गेम अजून आहे का गं?”

“आहे,” ती म्हणाली. “पण तो फार कच्चा आहे, आई.”

“असू दे. मला पुन्हा दे ना. मी तेव्हा चुकले. या वेळी शेवटपर्यंत खेळते.”

पुढच्या नवशिक्याचा नंबर आला होता, लोक खोळंबले होते. तिने पुढचं नाव पुकारलं. सातवा गेम सुरू झाला, कोणाची तरी मांजर नळीतून धावत होती. मी कॅमेरा बंद करून बसून राहिले. हे म्हणाले, “उठ, शटर ओढू या.” मी म्हटलं, थांबा जरा.

मग फोन वाजला. संदेश बाबांना नव्हता, मला होता. एक लिंक, आणि खाली तिने लिहिलं होतं, “खेळताना व्हिडिओ सुरू ठेव. मला बघायचंय. मीही काही बोलणार नाही.”

मी चष्मा पुसला. टाचण्या परत ओठांत धरल्या, डावी करंगळी पुढे केली आणि पाखरू उडवायला घेतलं.